माणूस अंथरुणाला, घर पेन्शनवर: सांभाळणाऱ्यांच्या कर्जाचा आणि घरखर्चाचा हिशोब

पक्षाघात, अपघात, पार्किन्सन, म्हातारपण किंवा जन्मापासूनचे अपंगत्व. कारण काहीही असो, घरात एक माणूस अंथरुणाला खिळला की दुसरा माणूसही घरात अडकतो. बहुतेक वेळा ती बायको, सून किंवा आई असते. तिची शेतातली रोजंदारी, शिवणकाम, धुणीभांडी, काजू कारखान्यातली पाळी हे सगळे बंद होते किंवा अर्ध्यावर येते. मग घर चालते ते सरकारी मासिक पेन्शनवर, रेशनवर आणि उसनवारीवर. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर-भालकी असो की गोवा, इंदूर, हैदराबाद, कहाणी थोड्याफार फरकाने सारखीच. पेन्शनची रक्कम मात्र राज्य बदलले की बदलते.

अशा घरांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी स्पष्ट सांगत नाही. पेन्शन असते रुग्णाच्या नावावर आणि कर्ज असते सांभाळणारीच्या नावावर. रुग्ण गेला की पेन्शन त्या महिन्यापासून थांबते, हप्ता थांबत नाही. म्हणून अशा घरात कर्जाचा विचार करताना 'आज हप्ता भरता येईल का' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'हे उत्पन्न नक्की कोणाचे आणि किती दिवसांचे' हेही विचारावे लागते.

कोणत्या राज्यात काय मिळते

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात केंद्राचा वाटा फारच तुटपुंजा आहे. वृद्धांना दरमहा २०० रुपये, ८० वर्षांवरील वृद्धांना ५०० आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ३०० रुपये. बाकीची भर राज्ये आपापल्या परीने घालतात, म्हणून फरक मोठा पडतो.

कर्नाटकात संध्या सुरक्षा योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना दरमहा १२०० रुपये मिळतात. दिव्यांग पेन्शन टक्केवारीवर ठरते: ४० ते ७५ टक्क्यांपर्यंत ८०० रुपये, त्यापुढे १४०० रुपये. त्याशिवाय गृहलक्ष्मीचे २००० रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या महिलेला मिळतात. ती किंवा तिचा नवरा आयकर भरणारा नसावा. गृहज्योतीमुळे घरगुती विजेचे ठरावीक वापरापर्यंतचे, कमाल २०० युनिटांचे बिल माफ होते.

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहा २००० रुपये आणि गृह आधारचे १५०० रुपये हे दोन मुख्य आधार. दोन्हींना गोव्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कामासाठी बेळगाव-चंदगडहून म्हापसा, फोंड्याला गेलेली कुटुंबे इथेच अडतात. तेलंगणात दिव्यांग पेन्शन ४०१६ रुपये आहे. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन फक्त ६०० रुपये, पण लाडली बहना योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२५ पासून १५०० झाली. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना आणि लाडकी बहीण योजना या दोन्हींत १५०० रुपयांचा आकडा सर्वांना पाठ आहे, पण निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाली. सीमाभागात मुली दोन्हीकडे दिल्या-घेतल्या जातात. बेळगावची मुलगी चंदगडला दिली असेल तर लाडकी बहीणसाठी नवऱ्याची महाराष्ट्रातील रहिवासाची कागदपत्रे चालतात. माहेरच्या रेशनकार्डावरचे नाव मात्र आधी कमी करून घ्यावे. दोन राज्यांत एकाच वेळी लाभ सुरू राहिला तर पुढे वसुलीची नोटीस येऊ शकते, आणि ती येते तेव्हा पैसे केव्हाच खर्च झालेले असतात.

हे सगळे झाले रुग्णाला किंवा कुटुंबप्रमुख महिलेला मिळणारे पैसे. सांभाळणाऱ्या माणसाच्या कष्टाचे म्हणून काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी 'काळजीवाहक भत्ता' असा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असेही त्याच कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात हे राज्यांवर सोडलेले आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत सांभाळणाऱ्याला ६०० रुपये ठरलेले आहेत. कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या चार आजारांच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा १००० रुपये जाहीर केले. पक्षाघात त्या यादीत नाही, आणि गावोगाव सर्वांत जास्त रुग्ण त्याचेच दिसतात. चारपैकी एखादा आजार घरात असेल तर जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयात या भत्त्याची चौकशी जरूर करावी. त्यासाठी आधी युडीआयडी कार्ड हवे.

पैसे येतात, पण कुठे आणि कधी

पेन्शन जमा झाली नाही म्हणून नाडकचेरीत हेलपाटे घालणाऱ्यांपैकी अनेकांचे पैसे खरे तर आलेले असतात, फक्त दुसऱ्याच खात्यात. आधारवर आधारित सरकारी पैसे त्या बँकेत जातात जिथे आधार सर्वांत शेवटी 'सीडिंग' झाले आहे. कर्ज घेताना किंवा कुठल्या शिबिरात नवे खाते उघडले आणि तिथे आधार जोडले, की पेन्शन गुपचूप तिकडे वळते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्थिती' पाहिली की कोणती बँक जोडलेली आहे ते पाच मिनिटांत कळते.

दुसरी काळजी जास्त महत्त्वाची. ज्या बँकेत कर्ज आहे त्याच बँकेत पेन्शनचे खाते ठेवू नये. थकबाकी झाली तर त्याच बँकेतील त्याच माणसाच्या खात्यातून रक्कम वळती करून घेण्याचा अधिकार बँका वापरतात. औषधाचे पैसे हप्त्यात गेले की नंतर भांडून परत मिळवणे फार कठीण. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचे जनधन खाते उघडून तिथे पेन्शन वळवून घ्यावी.

रुग्णाला बँकेत नेता येत नाही म्हणून एटीएम कार्ड शेजाऱ्याकडे किंवा एजंटाकडे देण्याची पद्धत सर्रास आहे. त्याची गरज नाही. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. रिझर्व्ह बँकेचा हा नियम जुनाच आहे. ७० वर्षांवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असेही बँकांना सांगितलेले आहे. पोस्टमनकडूनही आधारवर घरी पैसे काढता येतात. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल १८ वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. आईवडील असले तरीही. तो कागद नसला की बँक खाते आणि पेन्शन दोन्ही अडते.

घरखर्चाचा खरा आकडा

समजा, खानापूर तालुक्यातले एक घर. नवरा पक्षाघाताने अंथरुणाला, बायको सांभाळते आणि जमेल तसे शिवणकाम करते. दिव्यांग पेन्शन १४००, गृहलक्ष्मी २०००, शिवणाचे २५००. मिळून ५९०० रुपये. खर्च असा: डायपर दिवसाला दोन धरले तर महिन्याला साधारण २०००, औषधे ९००, रेशनबाहेरचा किराणा १५००, दूध ६००, गॅसचा महिन्याचा हिस्सा ६००, मोबाइल रिचार्ज २००. बेरीज ५८००. हातात उरतात १०० रुपये. त्यात डॉक्टरकडे नेण्याची रिक्षा नाही, लग्नकार्याचा आहेर नाही, मुलाची फी नाही.

आता या घराला कर्ज किती झेपते? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार मायक्रोफायनान्स कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना विनातारण देता येते आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. म्हणजे कागदावर या घराला २९५० रुपयांपर्यंतचा हप्ता 'बसतो'. घरात प्रत्यक्ष उरतात १०० रुपये. निरोगी चार माणसांच्या घराला आणि अंथरुणावरच्या माणसाच्या घराला हा नियम एकच माप लावतो. डायपर, औषधे वेगळी धरत नाही. त्यामुळे 'संघवाले देतात म्हणजे आपल्याला झेपते' हा समज या घरांसाठी सरळ धोक्याचा आहे. गृहलक्ष्मीचे पैसे कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, आणि आठवड्याचा हप्ता मात्र दर मंगळवारी दारात उभा असतो. या तफावतीतूनच पहिल्या संघाचा हप्ता भरायला दुसरा संघ आणि दुसऱ्यासाठी तिसरा, अशी साखळी लागते.

दवाखान्याचे मोठे बिल एकदाच येते आणि त्यासाठी आयुष्मानसारख्या योजना आहेत. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. मात्र ते दवाखान्यात दाखल होण्यापुरते. घरी आल्यावरचे डायपर, फिजिओथेरपी, रोजची औषधे त्यात नाहीत, आणि वर्षानुवर्षे हळूहळू घर पोखरतो तो हाच खर्च. सीमाभागातील रुग्ण उपचारासाठी कोल्हापूर-मिरजेला जातात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी लागू करत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली आणि वाद झाला. राजकारण काहीही असो, रुग्णाला हलवण्याआधी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला फोन करून कोणते कार्ड, कोणता दाखला चालतो हे विचारून घ्यावे. पोहोचल्यावर 'हे कार्ड इथे चालत नाही' ऐकले की सावकाराचीच वाट धरावी लागते.

खर्च कमी करण्याच्या जागा थोड्या आहेत, पण आहेत. जनऔषधी केंद्रात रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ ठेवणारी औषधे बरीच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगावे, नाहीतर दुकानात पंचाईत होते. दिवसा डायपरऐवजी धुता येणारे जाड कापड आणि खाली प्लॅस्टिक शीट, रात्री डायपर, असे केले तर तो खर्च जवळपास निम्मा होतो. पुरुष रुग्णाला कंडोम कॅथेटर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र पाठीला जखम होऊ लागली असेल तर इथे काटकसर नको. बेडसोअरचे ड्रेसिंग डायपरपेक्षा कितीतरी महाग पडते. पलंग, वॉकर, हवेची गादी विकत घेण्याआधी गावातील रुग्णसाहित्य केंद्र, मंडळ, देवस्थान यांच्याकडे विचारावे. अनामत ठेवून वस्तू वापरायला देणाऱ्या संस्था मराठी गावांत बऱ्याच असतात. व्हीलचेअर व इतर साधने केंद्राच्या ॲडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मोफत मिळतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना वर सांगितलेल्या चार प्रकारच्या अपंगत्वासाठी वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते आणि तिच्यात नियमित थेरपीही येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणी शुल्क २५० रुपये. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सूट असते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. मुंबईच्या टाटा रुग्णालयात महिन्याला खेपा घालणाऱ्यांनी हे सोडू नये.

कर्ज असेल तर आधी कोणते फेडायचे

दारात जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात. ही माणसाची रीत आहे, पण हिशोबात ती चुकते. क्रम व्याजाने आणि नुकसानीने ठरवावा.

खासगी सावकाराचा दर 'शेकडा पाच' म्हणून सांगितला जातो, आणि तो महिन्याचा असतो. म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०,००० रुपयांवर महिन्याला १००० रुपये नुसते व्याज, मुद्दल तसेच. तेच २०,००० बँकेच्या सोनेतारणावर समजा वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचे व्याज २०० रुपये. घरात चार ग्रॅम सोने असेल आणि सावकाराचे कर्जही असेल, तर सोने तारण ठेवून सावकार मिटवणे हा साधा फायद्याचा व्यवहार आहे. दागिना गहाण टाकण्याची लाज वाटते म्हणून महिन्याला ८०० रुपये जास्त मोजणारी घरे कमी नाहीत. फक्त सोनेतारणाचे व्याज वेळच्या वेळी भरावे आणि मुदत लिहून ठेवावी, नाहीतर लिलावाची नोटीस येते. सावकाराने परवाना दाखवला नाही तर कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. जुन्या मुंबई प्रांतात न्यायालये दामदुपटीचा नियम मानत, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल होऊ देत नसत. घरातल्या म्हाताऱ्यांना तो शब्द अजून आठवतो, सावकारांना मात्र सोयीस्कर विसर पडलेला असतो.

मायक्रोफायनान्सच्या बाबतीत चार गोष्टी माहीत हव्यात. कर्जाचा करार आणि कर्जकार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील मराठी महिलेला ते मराठीत मागता येते. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड लावता येत नाही. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर, संपूर्ण कर्जावर नाही. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास हे तर नाहीच. कर्नाटकात वसुलीच्या छळाच्या तक्रारी वाढल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आला आणि नंतर त्याचा कायदा झाला. जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचा मुख्य रोख नोंदणी नसलेल्या सावकारांवर आणि संस्थांवर आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीविरुद्ध आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. फी नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते.

हप्ता चुकणार हे आधीच दिसत असेल तर चुकण्याच्या आधी शाखेत जावे. हप्ता लहान करून मुदत वाढवून द्यावी, असा अर्ज रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह द्यावा आणि पोच घ्यावी. तीन महिने थकल्यानंतर त्याच अर्जाचे वजन कमी होते. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नये. ती फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि वसुली पाहुण्यारावळ्यांपर्यंत नेतात. तसा त्रास सुरू झालाच तर १९३० वर तक्रार करावी.

जामीनकीबद्दल थोडे सविस्तर. संघात एकमेकींना जामीन राहण्याची पद्धत असते, आणि सांभाळणारी बाई घरीच असते म्हणून सही करायला तिला पहिली हाक येते. कराराच्या कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या बाईने दुसरीच्या कर्जावर सही करणे म्हणजे रुग्णाची पेन्शनच गहाण टाकणे. 'वहिनी, एवढी सही करा' म्हणणाऱ्या जावेला, शेजारणीला नाही म्हणणे अवघड जाते, हे खरे. पतसंस्थेच्या, सोसायटीच्या कर्जालाही हेच लागू.

रुग्ण गेल्यानंतर

या विषयावर घरात कोणी बोलत नाही, पण सर्वांत जास्त आर्थिक गोंधळ याच वेळी होतो. मृत्यूनंतर खात्यात आलेली पेन्शन काढू नये. ती नंतर वसूल होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर विनाशुल्क होते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती तेव्हाच घ्याव्यात.

मयताचे कर्ज वारसांवर आपोआप पडत नाही. वारस जबाबदार असतात ते मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच; स्वतःच्या कमाईतून भरण्याची जबाबदारी फक्त सहकर्जदार किंवा जामीनदार असल्यासच येते. वसुलीला आलेला माणूस 'आता तुम्हीच भरा' म्हणाला तर आधी करार दाखवायला सांगावा. दुसरे म्हणजे, अनेक मायक्रोफायनान्स कर्जांत कर्जदार महिलेसोबत तिच्या नवऱ्याचाही विमा हप्त्यात धरलेला असतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेले कर्ज त्या विम्यातून फिटू शकते, पण दावा केला तरच. ते माहीत नसल्याने बायका पुढे वर्षभर हप्ते भरत राहतात. जनधन खात्यावर वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती विमा योजना सुरू होती का, हेही पासबुकात पाहावे. तिचे २ लाख वारसाला मिळतात.

विधवा पेन्शनचा अर्ज लगेच करावा. कर्नाटकात ती ८०० रुपये आहे. मृत व्यक्ती १८ ते ५९ वयाची, घरातील मुख्य कमावती आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार कार्यालयात. वर्षानुवर्षे आजारी असलेल्या माणसाला 'कमावता' कसे म्हणायचे, असा आक्षेप तिथे येऊ शकतो, म्हणून आजारापूर्वीच्या कामाचा काही पुरावा, मजूर कार्ड किंवा पगाराची चिठ्ठी, जपून ठेवावी. अर्ज नाकारला गेला किंवा कर्जाची कोर्टाची नोटीस आली, तर तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन क्रमांक १५१००.